एसएमपीएस जळाल्यावर नवा जोडण्याआधी काय तपासावे

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटच्या आतली हवा बाहेरच्या खोलीपेक्षाही तापलेली असते. एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीवरची वीज घेऊन संगणकाच्या भागांना लागणारे कमी दाब पुरवणाऱ्या डब्यामध्ये, असलेल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे. त्यात दुपारी सगळीकडे कुलर आणि एसी सुरू झाले की विजेचा दाब उतरतो, रात्री तो पुन्हा चढतो, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपता संपता वादळी पाऊस विजा घेऊन येतो. संगणक ‘अचानक मेला’ अशी तक्रार घेऊन लोक याच दिवसांत येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा एसएमपीएस गेलेला असतो.

अशा वेळी सीताबर्डीला जाऊन नवा एसएमपीएस आणावा, जोडावा आणि बटण दाबावे, असे बहुतेकांना वाटते. मी नवशिक्यांना कळकळीने सांगतो की हे करू नका, निदान त्याच दिवशी करू नका. एसएमपीएस स्वतःच्या वयाने गेलेला असू शकतो. तो धडधाकट असून मदरबोर्डवरच्या शॉर्टमुळे सुरू होण्याचे नाकारत असू शकतो. किंवा जाता जाता चुकीचा दाब पुढे पाठवून त्याने हार्डडिस्क आणि मदरबोर्ड यांनाही इजा केलेली असू शकते. बाहेरून तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात: बटण दाबले तरी काही होत नाही. कोणती गोष्ट घडली आहे ते न पाहता नवा एसएमपीएस जोडला तर जी हार्डडिस्क वाचू शकली असती ती आपल्या हातून जाऊ शकते.

पहिली दहा मिनिटे

बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका. भिंतीवरचा स्वीच बंद करा आणि मग प्लग सॉकेटमधून ओढून काढा. केवळ स्वीच बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्वीच कधी कधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असतो आणि तेव्हा स्वीच बंद असूनही संगणकापर्यंत फेज पोहोचलेली असते. धूर निघत असेल तर आधी मुख्य एमसीबी पाडा, खिडक्या उघडा आणि पाणी मुळीच टाकू नका.

प्लग काढल्यावर एक कागद घ्या आणि घडले ते लिहून ठेवा. आवाज आला का? फटाक्यासारखा होता की नुसती ‘टिक’ झाली? वास कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून येतो आहे की आतून? त्या क्षणी वीज गेली होती की येत होती? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खोलीतले दिवे एकदम प्रखर झाले होते का, पंखा जोरात फिरू लागला होता का? हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. तीन फेज येणाऱ्या इमारतीत न्यूट्रल तुटली तर एखाद्या घरातल्या सॉकेटवर २३० व्होल्टऐवजी ३०० ते ४०० व्होल्ट येऊ शकतात. आमच्या इमारतीत एका संध्याकाळी असेच झाले. खालच्या मजल्यावरचे दिवे मंदावले, आमचे पांढरेफटक पेटले, आणि अर्ध्या मिनिटात दोन टीव्ही, एक फ्रीज आणि माझ्या संगणकाचा एसएमपीएस गेला. तसे काही झाले असेल तर इलेक्ट्रिशियनने मीटरपासूनची जोडणी तपासल्याशिवाय त्या सॉकेटमध्ये काहीही लावू नका, कारण नवा एसएमपीएसही त्याच मार्गाने जाईल.

विजांच्या वादळानंतर बंद पडलेल्या संगणकाची गोष्ट थोडी वेगळी असते. तिथे झटका केवळ विजेच्या वायरीतून येत नाही, तर राउटरच्या अडॅप्टरमधून लॅनच्या केबलमार्गेही येतो. म्हणून लॅनची केबलसुद्धा काढून ठेवा आणि पुढे संगणक सुरू झाला तरी लॅन पोर्ट स्वतंत्रपणे तपासा.

भिंतीपासून सुरुवात करा

त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून पाहा. मग यूपीएस बाजूला काढा, कारण ज्याला एसएमपीएसचा दोष समजले जाते तो अनेकदा यूपीएसची मेलेली बॅटरी असतो. त्यानंतर तीन पिनांची पॉवर केबल बदलून पाहा. स्वस्त केबलमध्ये तिसरी जाड पिन असते, पण आत तिला जोडलेली वायरच नसते. मल्टिमीटर आवाजाच्या, म्हणजे कंटिन्यूटीच्या स्थितीवर ठेवून जाड पिनेला एक टोक आणि दुसऱ्या बाजूच्या मधल्या छिद्राला दुसरे टोक लावा. आवाज आला नाही तर ती केबल टाकून द्या.

कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते सहन करण्याचे कारण नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे जोडलेले असतात, आणि त्यांतून येणारा सूक्ष्म प्रवाह अर्थिंगमधून निघून जावा अशी ती रचना असते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट उभे राहतात. प्रवाह फार थोडा असल्यामुळे माणसाला सहसा धोका होत नाही, पण मॉनिटर किंवा प्रिंटरची केबल लावताना तोच प्रवाह पोर्टमधून वाट काढतो. शिवाय उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. कुलरच्या शॉकने विदर्भात दर उन्हाळ्यात जीव जातात, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. त्यामुळे संगणकाच्या निमित्ताने अर्थिंग तपासून घेतली तर घराचाही फायदा होतो. सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही दाब जवळपास सारखे, २३० व्होल्टच्या आसपास, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट असले पाहिजेत. ही मोजणी सवय नसलेल्याने स्वतः करू नये, इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर लाल रंगाचा सरकता स्वीच असतो आणि त्यावर ११५ किंवा २३० असे आकडे दिसतात. सफाई करताना तो चुकून ११५ वर सरकला असेल तर आपल्याकडच्या विजेवर एसएमपीएस सुरू होताक्षणीच फुटतो. तसे झाले असेल तर कारण शोधायला पुढे जाण्याची गरज नाही, पण पुढच्या भागांची तपासणी मात्र करावीच लागेल.

एसएमपीएस सुटा तपासणे

आधी एक इशारा. एसएमपीएसचा डबा उघडू नका. २३० व्होल्टची वीज सरळ होऊन आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठते, नव्या प्रकारच्या एसएमपीएसमध्ये ३८० च्या पुढे, आणि प्लग काढल्यावरही बिघडलेल्या डब्यात ती साठलेली राहू शकते. आतला फ्यूज बदलूनही सहसा काही साधत नाही, कारण फ्यूज उडाला याचा अर्थ त्याच्या मागचे काहीतरी आधीच शॉर्ट झालेले असते.

कॅबिनेटचे झाकण काढल्यावर मोबाइलने दोन-तीन कोनांतून फोटो घ्या, म्हणजे कोणती वायर कुठे होती याचा शोध नंतर घ्यावा लागणार नाही. प्लग काढलेला असताना कॅबिनेटचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज जमते, म्हणून कशालाही हात लावण्याआधी उघड्या पत्र्याला स्पर्श करा. मग मदरबोर्डचा २४ पिनांचा मोठा प्लग, प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा प्लग, ग्राफिक्स कार्डचे प्लग आणि सगळ्या डिस्कचे प्लग काढा. एकही प्लग राहू देऊ नका.

आता काही शेकड्यांत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळे टोक कोणत्याही काळ्या वायरीच्या छिद्रात आणि लाल टोक २४ पिनांच्या प्लगमधल्या जांभळ्या वायरीच्या छिद्रात ठेवा, आणि मग प्लग भिंतीला लावून स्वीच सुरू करा. जांभळी वायर ही संगणक बंद असतानाही जागी राहणारी ५ व्होल्टची रेषा असते, आणि बटणाचा हुकूम तिच्याच जोरावर पोहोचतो. तिथे काहीच आले नाही तर एसएमपीएस गेला, असे बहुतांशी समजावे.

जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट मिळाले तर पुढची पायरी घ्या. स्वीच बंद करा, एका स्वच्छ स्टेपल पिनेने किंवा वायरीच्या तुकड्याने प्लगमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडा, आणि पुन्हा स्वीच सुरू करा. हिरवी वायर एकच असते, त्यामुळे चूक होण्याची भीती कमी. पण अलीकडे सगळ्याच वायरी काळ्या असलेले एसएमपीएस येतात. तिथे अंदाजाने पिना मोजू नका. हिरवी वायर म्हणजे १६ व्या क्रमांकाची पिन, तिचे चित्र माहितीपत्रकात पाहा किंवा बाजारात मिळणारा तयार एसएमपीएस टेस्टर वापरा.

एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो जिवंत आहे. पंखा फिरला नाही म्हणून तो मेला असे मात्र नाही, कारण काही महागड्या एसएमपीएसमध्ये भार कमी असताना पंखा मुद्दाम थांबवलेला असतो. म्हणून मोजूनच पाहा. पिवळी वायर १२ व्होल्टची आहे आणि तिच्यावर ११.४ ते १२.६ चालतात. लाल ५ व्होल्टची, तिच्यावर ४.७५ ते ५.२५. नारिंगी ३.३ व्होल्टची, तिच्यावर ३.१४ ते ३.४७. करड्या वायरीवरही ५ व्होल्टच्या आसपास दाब हवा, कारण ‘आता सगळे ठीक आहे’ हा निरोप एसएमपीएस तिच्यावरून मदरबोर्डला देतो. जुना एखादा कॅबिनेटचा पंखा भार म्हणून जोडून मोजले तर आकडे अधिक विश्वासाचे येतात. १२ व्होल्टच्या जागी १३ किंवा त्याहून जास्त दिसले तर तो एसएमपीएस पुन्हा कशालाही जोडू नका, आणि पुढचे दोन भाग दुप्पट काळजीने वाचा.

सुटा असताना सगळे आकडे बरोबर येतात, पण संगणकाला जोडल्यावर पंखा एकदा थरथरतो आणि लगेच थांबतो, असे झाले तर ती बहुधा चांगली बातमी असते. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला व इतरांना वाचवण्यासाठी बंद होतो आहे.

मदरबोर्ड आणि कार्ड

प्लग सगळे काढलेले असतानाच टॉर्च घेऊन बोर्ड नीट पाहा. प्रोसेसरच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या डबीसारख्या कपॅसिटरचा माथा सपाट हवा. तो फुगलेला किंवा त्यातून तपकिरी द्रव आलेला दिसला तर तो मेलेला आहे. त्याच भागात पापुद्रा उडालेली किंवा मध्यभागी टाचणीएवढे छिद्र पडलेली काळी चौकोनी चकती दिसते का ते पाहा. एका संगणकात मला असे छिद्र नखाने चाचपूनच कळले होते. टॉर्चच्या उजेडात ते केवळ धुळीचा ठिपका वाटत होते.

मग मल्टिमीटर रोधाच्या, म्हणजे ओहमच्या स्थितीवर ठेवा. प्रोसेसरजवळच्या ४ किंवा ८ पिनांच्या सॉकेटात पिवळ्या वायरीची जागा आणि काळ्या वायरीची जागा यांच्यात मोजा. आकडा हळूहळू चढत शेकड्यांत किंवा हजारांत जातो, तो ठीक आहे. आकडा एक-दोन ओहमवरच थांबला, किंवा कंटिन्यूटीच्या स्थितीवर आवाज येत राहिला, तर १२ व्होल्टची रेषा शॉर्ट आहे. हीच मोजणी २४ पिनांच्या सॉकेटात पिवळ्या, लाल आणि जांभळ्या जागांवर करा. ३.३ व्होल्टच्या नारिंगी जागेवर रोध मुळातच कमी असतो, त्यामुळे तिथे दहा-वीस ओहम दिसले तर घाबरू नका. प्रोसेसरभोवतीच्या चौकोनी गुंडाळ्यांवर तर तो फारच कमी असतो आणि नवशिके तिथेच फसतात, म्हणून तिथे मोजूच नका.

प्रोसेसरच्या रेषेवर शॉर्ट मिळाला तर त्या बोर्डात दुसरा चांगला प्रोसेसर घालून पाहण्याचा मोह टाळा. १२ व्होल्ट अडवून धरणारी, वर सांगितलेली काळी चौकोनी चकतीच शॉर्ट झाली असेल तर पूर्ण १२ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जातात, आणि त्याचे स्वतःचे काम मात्र जेमतेम एका व्होल्टवर चालते. ग्राफिक्स कार्ड वेगळे काढून त्याच्या ६ किंवा ८ पिनांच्या सॉकेटातही हीच मोजणी करा. अनेकदा सगळा दोष कार्डातच निघतो आणि ते काढल्याबरोबर संगणक उभा राहतो.

हार्डडिस्क: इथे घाई नको

संगणक पुन्हा विकत मिळतो, पण मुलीचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो किंवा इतवारीतल्या एखाद्या दुकानाचा पाच वर्षांचा हिशेब विकत मिळत नाही. म्हणून जुन्या एसएमपीएसचे आकडे कितीही चुकीचे आले असोत, हार्डडिस्क सगळ्यांत शेवटी जोडायची, हे ठरवूनच पुढे चला.

साडेतीन इंचाच्या हार्डडिस्कला १२ आणि ५ असे दोन दाब लागतात. तिच्या खालच्या, सर्किटच्या हिरव्या पट्टीवर, पॉवरच्या कनेक्टरजवळ, दोन बारीक काळ्या चकत्या असतात. दाब मर्यादेबाहेर गेला की त्या स्वतः शॉर्ट होतात आणि मागचे इलेक्ट्रॉनिक्स वाचवतात. अशी डिस्क मग एकदम मेल्यासारखी वाटते. ती फिरत नाही, तिचा आवाज येत नाही, आणि ती जोडली की चांगला एसएमपीएसही सुरू होत नाही. पुष्कळ लोक याच टप्प्यावर तिला कचऱ्यात टाकतात, वास्तविक त्या वेळी आतल्या तबकड्यांवरची माहिती बहुधा जशीच्या तशी असते. जाणकार तंत्रज्ञ ती शॉर्ट झालेली चकती काढून डिस्क चालू करतो. त्यानंतर डिस्कला संरक्षण उरत नाही, म्हणून तिच्यावरून एकदाच सगळे उतरवून घ्यायचे आणि ती निवृत्त करायची.

त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची पट्टी काढून बसवा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका. त्या विशिष्ट डिस्कच्या जुळणीची माहिती पट्टीवरच्या एका लहान चिपमध्ये साठवलेली असते, आणि ती चिप हलवल्याशिवाय नुसती पट्टी बदलून काम होत नाही. डिस्क फिरते पण ‘टक टक’ वाजते, असे असेल तर ती लगेच बंद करा आणि माहिती परत मिळवून देणाऱ्याकडेच न्या. त्याला डिस्क देताना तिचा अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्या.

मदरबोर्ड बदलण्याची वेळ आली आणि डिस्कवर विंडोजचे कुलूप, म्हणजे बिटलॉकर, सुरू असेल तर नव्या बोर्डावर ती ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. बोर्ड बदलण्याआधी मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती पाहून ठेवा.

नवा एसएमपीएस निवडताना

वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला कार्यालयीन संगणक प्रत्यक्षात १५० वॅटसुद्धा क्वचितच ओढतो, त्यामुळे आकडा मोठा असण्यापेक्षा खरा असणे महत्त्वाचे आहे. डब्यावरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. ३० अँपिअर असतील तर १२ गुणिले ३०, म्हणजे ३६० वॅट त्या रेषेवर मिळतात. नावावर ४५० लिहिलेल्या डब्यावर या रकान्यात १६ अँपिअरच दिसत असतील तर कामाचे वॅट १९२ आहेत. ८० प्लस हे चिन्ह वीज किती वाया जाते एवढेच सांगते, दाब वाढला तर डबा बंद होईल की नाही हे सांगत नाही. म्हणून दाब वाढणे, प्रवाह वाढणे आणि शॉर्ट होणे या तिन्हींपासून संरक्षण असल्याचे माहितीपत्रकात लिहिलेले आहे का ते वाचा. दुकानदाराला मी नेहमी वॉरंटी किती वर्षांची आणि ती नागपुरातच मिळते का, हे दोन प्रश्न विचारतो.

काही एसएमपीएसच्या वायरी दोन्ही टोकांनी सुट्या होतात. जुन्याच्या वायरी नव्याला बसतात, अगदी सहज बसतात, आणि तरीही त्या लावायच्या नाहीत. डब्याच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते, काही वेळा तर एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा असतो. मी अशीच एक जुनी सॅटा वायर, म्हणजे डिस्कला वीज देणारी वायर, ‘नीट लावलेली आहे, कशाला काढा’ म्हणून तशीच ठेवली होती. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले, बारीकसा वास आला आणि एका डिस्कची पट्टी काळी पडली. तेव्हापासून जुना एसएमपीएस काढताना त्याच्या सगळ्या वायरी त्याच्याच डब्यात बांधून मी ई-कचरा घेणाऱ्याकडे देतो.

जोडणीचा क्रम

नवा एसएमपीएस आधी सुटाच, वर सांगितल्याप्रमाणे, मोजून घ्या. मग मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅमची एकच पट्टी एवढेच जोडा. प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय असेल तर ग्राफिक्स कार्ड बाजूलाच राहू द्या. ८ पिनांचे दोन प्लग दिसायला सारखे असले तरी प्रोसेसरच्या प्लगमध्ये चार पिवळ्या आणि चार काळ्या वायरी असतात, तर ग्राफिक्स कार्डाच्या प्लगमध्ये तीन पिवळ्या आणि पाच काळ्या. जोर लावावा लागत असेल तर प्लग चुकीचा आहे.

स्क्रीनवर चित्र आले की बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन दाबांचे आकडे वाचा आणि संगणक तिथेच अर्धा तास सुरू ठेवा. तो बंद करून, प्लग काढून, रॅमची दुसरी पट्टी घाला. पुन्हा बंद करून ग्राफिक्स कार्ड लावा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट वाढवा, म्हणजे अडले तर कशामुळे अडले ते आपोआप कळेल. त्यानंतर शक्य असेल तर एखादी बिनमहत्त्वाची जुनी डिस्क एक दिवस जोडून ठेवा. भर दुपारी, कुलर सुरू असताना, डिस्कच्या एका मोकळ्या प्लगवर पिवळी आणि लाल वायर पुन्हा मोजा. सकाळी १२.१ असलेला आकडा दुपारीही तेवढाच राहिला, तर संध्याकाळी आपली खरी हार्डडिस्क जोडा आणि संगणक सुरू होताच सर्वांत आधी तिच्यावरची माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावा.